नोटेवरच्या खुणा आणि चार मिलिमीटर

‘नव्या नोटांवर अंधांसाठी उठावाच्या खुणा आहेत, तेव्हा त्यांचा प्रश्न सुटला,’ हे विधान, ज्या वरळीत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेचे दफ्तर आहे त्या वरळीतही इतक्या निर्धास्तपणे केले जाते, की त्याचा प्रतिवाद पुनःपुन्हा करणे भाग पडते. खुणा आहेत, हे निर्विवाद: शंभराच्या नोटेवर त्रिकोण, दोनशेच्या नोटेवर इंग्रजी ‘एच’ची आकृती, पाचशेच्या नोटेवर वर्तुळ, शिवाय कडांशी तिरप्या रेषा. परंतु त्रिकोण आणि वर्तुळ जुन्या नोटांवरही होतेच. आणि उठावाची छपाई मासळीबाजारातील ओल्या हातांतून व खिशांच्या घड्यांतून फिरता फिरता झिजून सपाट होते, ही गोष्ट डोळसांच्या लक्षात येत नाही, कारण त्यांना तिची गरजच पडत नाही.

अंध मनुष्याचा खरा भरवसा असतो तो नोटेच्या आकारावर. रिझर्व्ह बँकेनेच जाहीर केलेली मापे पाहावीत: जुनी शंभराची नोट १५७ मिलिमीटर लांब, पाचशेची १६७, म्हणजे अंतर दहाचे, नव्या शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नोटांची लांबी अनुक्रमे १४२, १४६ व १५०, रुंदी मात्र तिघींची एकच, ६६. चार मिलिमीटरांचा हा भेद दुकानाच्या गर्दीत बोटांनी कसा ओळखावा? त्याहून गंभीर गोष्ट अशी, की अद्याप चलनात असलेली जुनी विसाची नोट १४७ बाय ६३ मिलिमीटरची आहे. नव्या दोनशेच्या नोटेहून ती लांबीला एक मिलिमीटर अधिक आणि रुंदीला तीन कमी, आणि मूल्यात मात्र दहापटींचा फरक! याच आकारबदलांविरुद्ध सदर संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली आणि २०१९ साली न्यायालयाने आकार वारंवार का बदलता, असा सवाल रिझर्व्ह बँकेला केला.

इतर गैरसमजांना फार वेळ देण्याचे कारण नाही. दोन हजारांच्या नोटेत चिप कधीच नव्हती. क्रमांकात तारा असलेली नोट बनावट नसते. सदोष छपाईच्या नोटेऐवजी ती २००६ पासून घातली जाते, असा बँकेचा २०२३ चा खुलासा आहे. नोट तिरपी धरताच हिरव्याचा निळा होणारा सुरक्षा धागा पाहणाऱ्याच्याच उपयोगाचा आहे.

राहिले १ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेले रिझर्व्ह बँकेचे ‘मनी’ हे मोबाइलवरील अ‍ॅप. ते नोटेचे मूल्य बोलून सांगते, इंटरनेटवाचूनही सांगते. पण नोट खरी की खोटी हे ते सांगत नाही, आणि तसा दावा रिझर्व्ह बँकेने केलेलाही नाही.