थांबावे की विकावे?

सांगलीच्या बाजारात हळद नेणाऱ्या शेतकऱ्यापुढे प्रश्न एकच : आज विकावी की ठेवावी? पूर्वी ठेवणारे ती हरिपूरच्या पेवांत ठेवीत. आमच्या घरी पुस्तक म्हणजे पंचांग. त्यामुळे या प्रश्नाचेही गणित असते, हे मला कॉलेजात आल्यावरच समजले.

समजा, क्विंटलला १०,००० रुपयांनी माल विकण्याचा हक्क आपण पैसे मोजून घेतला. विकलेच पाहिजे असे बंधन नाही. हा झाला ऑप्शन. मुदतीच्या दिवशीच वापरता येतो तो युरोपियन, मुदतीत केव्हाही वापरता येतो तो अमेरिकन. नावांचा भूगोलाशी संबंध नाही. पहिल्यासाठी ब्लॅक व शोल्स यांचे १९७३ चे सूत्र आहे. दुसऱ्याला तसे नेटके सूत्र नाही, आकडेमोडच करावी लागते.

सोपी रीत झाडाची. कॉक्स, रॉस व रुबिनस्टीन यांनी ती १९७९ मध्ये मांडली. आजचा भाव १०,०००. दर टप्प्याला तो पाचव्या हिश्श्याने चढतो किंवा उतरतो. व्याज टप्प्याला ५ टक्के. साठवणीचा खर्च सोडून देऊ. व्याजाशी मेळ बसण्यासाठी चढीला ०.६२५ वजन द्यावे लागते. दोन टप्प्यांनी भाव १४,४००, ९,६०० किंवा ६,४०० होईल. आता शेवटाकडून मागे यायचे. मध्येच भाव ८,००० झाला, तर हक्क वापरून लगेच २,००० मिळतात. थांबण्याची किंमत १,५२४ च. तेव्हा थांबू नये! असे मागे येता आज युरोपियन हक्क ६२९ रुपयांचा व अमेरिकन ७९९ चा ठरतो. मधले १७० रुपये थांबण्याची सक्ती नसल्याचे.

ब्रेनन व श्वार्ट्झ यांची १९७७ ची जाळीची रीत अशीच मागे येते, फक्त भाव व काळ यांचे चौकोन आखून. पण तीन मालांचे भाव गुंतले, की शंभर-शंभर बिंदूंचे दहा लाख होतात.

तेथे संगणकाकडून भावाच्या हजारो वाटा काढतात. मात्र त्या वाटेचे पुढचे पाहून निर्णय घेणे म्हणजे दिवाळीत ‘चैत्रातच विकायला हवी होती’ म्हणणे! लाँगस्टाफ व श्वार्ट्झ यांनी २००१ मध्ये तोड काढली : सर्व वाटांवरून रिग्रेशनने थांबण्याची सरासरी प्राप्ती काढायची. रिग्रेशन तेच, आपल्या अर्थशास्त्राच्या पेपरातले.

एका पिकाला मला झाडच पुरेसे वाटते. ते वहीत मावते. वडिलांना दाखवले, तर ते म्हणाले, “व्याज दहा धर.” धरले. ८,००० च्या फांदीवर थांबण्याची किंमत १,०९१ वर आली.