पीळ उलगडताना जपून!

आमच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याने संगणक जोडण्याची केबल तयार केली. टेस्टरचे आठही दिवे लागले, पण संदेश मात्र अडखळू लागले. असे का व्हावे?

त्याने तारांच्या जोड्या सरळ ओळीने बसवल्या होत्या: १-२, ३-४, ५-६, ७-८. वास्तविक ३ आणि ६ या पिना एकाच जोडीच्या. ४-५ ही जोडी त्यांच्या मध्ये येते. एकमेकींभोवती पिळलेल्या दोन्ही तारांवर बाहेरचा उपद्रव जवळजवळ सारखाच पडतो आणि वजाबाकीत नाहीसा होतो. ही युक्ती बेलने १८८१ मध्येच टेलिफोनसाठी योजली होती. जोडी फुटली की ही वजाबाकीच बिघडते. टेस्टरच्या साध्या दिव्याला ते कळत नाही.

म्हणूनच टोकाशी पीळ १३ मिलिमीटरपेक्षा अधिक उलगडू नये. पक्कड दाबण्यापूर्वी रंगांचा क्रम पुन्हा पाहावा. एकदा दाबलेला प्लग कापूनच टाकावा लागतो.