उकिरड्याच्या जागी उद्यान : हॉर्निमन सर्कल

मुंबईच्या कोट विभागात, एशियाटिक सोसायटीच्या रुंद पायऱ्यांसमोर, सुमारे अडीच एकरांचे एक वर्तुळाकार उद्यान आहे. भोवतालच्या बँका व कचेऱ्यांतील कर्मचारी दुपारी येथील जुन्या वृक्षांच्या सावलीत घटकाभर विसावतात. ज्या जागेवर ते बसलेले असतात, तेथे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी धूळ आणि नारळाच्या करवंट्या यांचे ढीग होते, हे त्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

किल्ल्याच्या तटाआतील ही मोकळी जागा ‘बॉम्बे ग्रीन’ या नावाने ओळखली जाई. येथे कवायती होत आणि परदेशी जाणाऱ्या कापसाच्या गासड्या रचल्या जात. १८४४ मध्ये कापसाचा बाजार कुलाब्याकडे हलविण्यात आला. एका बाजूस सेंट थॉमस कॅथीड्रल, दुसऱ्या बाजूस १८३३ साली पूर्ण झालेला भव्य टाउन हॉल आणि मधे ओसाड मैदान, असे हे दृश्य होते. ज्या जागेवर हक्क सर्वांचा आणि जबाबदारी कोणाचीच नाही, तिचा उकिरडा होण्यास वेळ लागत नाही. तरीही ती अगदीच निरुपयोगी नव्हती. टाउन हॉलसमोरील वडांखाली १८५० नंतरच्या दशकात दलाल जमू लागले व त्यांच्या त्या बैठकीतूनच पुढे मुंबईचा शेअरबाजार आकारास आला.

या जागेचा कायापालट करण्याची कल्पना शहराचे पोलीसप्रमुख चार्ल्स फोर्जेट यांची. १८५७ च्या उठावाच्या वेळी वेषांतर करून वस्तीवस्तीतून फिरणारा आणि कठोर शिक्षांमुळे धाक बसविणारा हा अधिकारी उद्यानाची योजना मांडतो, हे थोडे नवलाचेच. लॉर्ड एलफिन्स्टन आणि त्यांच्यानंतर सर बार्टल फ्रियर या दोन गव्हर्नरांनी तिला पाठिंबा दिला.

योजनेचे मर्म तिच्या अर्थव्यवहारात होते. नगर प्रशासनाने संपूर्ण जागा विकत घेतली, कडेचे भूखंड पाडून ते व्यापारी पेढ्यांना नफ्याने विकले आणि मधला भाग मोकळा राखला. सभोवतालच्या इमारती एकसारख्या दर्शनी भागाच्या व कमानींच्या ओवऱ्या असलेल्या उभ्या राहिल्या. त्यामुळे पादचाऱ्यास उन्हापावसात आडोसा मिळाला आणि मधल्या मोकळ्या जागेस घराच्या चौकाप्रमाणे बंदिस्त, आपलेपणाचे रूप आले. उद्यानाची आखणी १८६९ मध्ये सुरू झाली आणि १८७२ मध्ये पायवाटा व वृक्षराजी यांसह ते पूर्ण झाले. मध्यभागी शोभेचे कारंजेही होते. ते पुढे नाहीसे झाले.

कडेचे सर्वच भूखंड विकून मधल्या जागेवरही इमारत उठविली असती, तर तिजोरीत अधिक भर पडली असती. तो मोह टाळला गेला. आज असा मोह टाळण्याचे काम केवळ अधिकाऱ्यांच्या विवेकावर सोडलेले नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास योजनेत खुल्या जागा व क्रीडांगणे दर्शविता येतात. तथापि नकाशावरील हिरवा ठिपका म्हणजे उद्यान नव्हे. आरक्षित जागेला कुंपण, पाणी, माळी आणि रोज तेथे येणारी माणसे लाभली नाहीत, तर तिची गत पूर्वीच्या बॉम्बे ग्रीनसारखीच होते. हॉर्निमन सर्कलला ही माणसे सहज लाभली. कचेऱ्या, ग्रंथालय, प्रार्थनास्थळ आणि ‘मुंबई समाचार’चे कार्यालय ही सारी त्याच्या उंबरठ्यावरच आहेत. गावात वा उपनगरात उद्यानाची जागा निवडताना तिच्या आकाराइतकाच हा शेजारही पाहिला पाहिजे. शाळा, बाजार वा एस. टी. थांबा यांजवळची अर्ध्या एकराची जागा, गावाबाहेरच्या पाच एकरांपेक्षा कितीतरी अधिक वापरात येते.

प्रारंभी ‘एलफिन्स्टन सर्कल’ हे गव्हर्नरांचे नाव धारण करणाऱ्या या परिसरास स्वातंत्र्यानंतर बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव देण्यात आले. सर फिरोजशहा मेहता यांनी १९१३ साली सुरू केलेल्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे हे इंग्रज संपादक. भारतीयांची बाजू निर्भीडपणे मांडल्याबद्दल १९१९ मध्ये सरकारने त्यांना देशाबाहेर धाडले. १९२६ साली ते परतले आणि १९४८ मध्ये त्यांचे निधन झाले.