चाल कुणाच्या देशाची?

मागच्या वेळी आपण ‘कलाकृती कुणाच्या मालकीची?’ या प्रश्नापाशी थांबलो होतो. आज तोच प्रश्न एका हयात माणसाच्या कामावर घासून बघू. हा माणूस म्हणजे सर्बियाचे गायक-संगीतकार झेल्को योक्सिमोविच. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात पॉप गाणी कशाला, असं कुणी म्हणेल. जरा धीर धरा.

योक्सिमोविच यांचा जन्म १९७२ चा, म्हणजे एकसंध युगोस्लाव्हियातला. ते ऐन विशीत आले आणि तो देश फुटला. बोस्नियात युद्ध पेटलं, सारायेव्होला १९९२ ते १९९६ असा वेढा पडला. ज्यांची बोली जवळपास एक, त्यांनी एकमेकांवर तोफा डागल्या. ही पार्श्वभूमी मनात ठेवून पुढचं ऐका.

युरोपात दरवर्षी ‘युरोव्हिजन’ नावाची गाण्यांची स्पर्धा होते. देशागणिक एक गाणं, तेही तीन मिनिटांच्या आत. २००४ साली इस्तंबूलला योक्सिमोविच सर्बिया आणि माँटेनेग्रोतर्फे उतरले. गाणं होतं ‘लाने मोये’. ‘लाने’ म्हणजे हरणाचं पाडस, लाडानं वापरायचा शब्द. इंग्रजीचा आधार न घेता ते आपल्या भाषेत गायले आणि दुसरे आले. बोस्निया, क्रोएशिया, स्लोव्हेनिया, म्हणजे कालपरवा वेगळे झालेले देश, त्यांनीही भरभरून मतं दिली.

आता खरी गंमत २००६ ची. त्या वर्षी गाणं निवडताना सर्बिया आणि माँटेनेग्रो यांच्यात असं भांडण झालं, की त्यांनी स्पर्धेतूनच अंग काढून घेतलं. अथेन्सच्या मंचावर सर्बियाचं गाणंच नव्हतं. पण सर्बियाच्या संगीतकाराची चाल होती! सारायेव्होच्या ‘हारी माता हारी’ या बँडनं बोस्नियातर्फे ‘लेय्ला’ म्हटलं, त्याची चाल योक्सिमोविच यांची. गाणं तिसरं आलं. ती तारीख २० मे. दुसऱ्याच दिवशी, २१ मेला, माँटेनेग्रोनं सार्वमतात वेगळं व्हायचं ठरवलं. म्हणजे बघा, आदल्या रात्री चाल सीमा ओलांडते आणि दुसऱ्या दिवशी नवी सीमा आखली जाते.

पुढे २००८ मध्ये बेलग्रेडला त्यांचं ‘ओरो’ सर्बियातर्फे येलेना तोमाशेविच यांनी गायलं. २०१२ ला बाकूमध्ये ते स्वतः गाऊन तिसरे आले. २०१५ ला त्यांनी गाणं दिलं ते वेगळ्या झालेल्या माँटेनेग्रोला.

मग ‘लेय्ला’ कुणाचं? सर्बियाचं की बोस्नियाचं? आम्हाला वाटतं, प्रश्नच चुकीचा मांडलाय. बोस्नियात ‘सेव्दाह’ नावाची विरहगीतांची जुनी परंपरा आहे. हा शब्द अरबी ‘सौदा’पासून तुर्कीमार्गे तिथे गेला, आपल्याकडे उर्दूत प्रेमवेडाला ‘सौदा’ म्हणतात, तो हाच. शब्द जसा कुणा एकाचा राहिला नाही, तसे बाल्कनचे सूरही. संगीतकार ते सूर निर्माण करत नाही. वारसा म्हणून घेतो, घडवतो आणि पुढे देतो. कर्ता तो खरा, पण मालक? तिथे आम्ही थबकतो.

यावर आक्षेप आहे, आणि तो वजनदार आहे. शेजारी शेजाऱ्याला मत देतो, हा तर स्पर्धेतला हिशेब. शिवाय गाण्यानं युद्ध थांबतं का? नाही थांबत. सूर जोडणारे होते, तेव्हाही माणसं मारली गेलीच. म्हणून ‘संगीत सगळ्यांना एकत्र आणतं’ असलं गोड वाक्य आम्ही बोलणार नाही. आमचं म्हणणं एवढंच: नकाशा बदलायला एक सार्वमत पुरतं, कानाला लागलेलं वळण इतक्या लवकर बदलत नाही. आणि वेढा सोसलेल्या शहरातल्या गायकानं ‘पलीकडच्या’ माणसाची चाल आपली म्हणून गायली, ही लहान गोष्ट नव्हे.

मग ‘आपलं’ ठरवतं कोण, जन्मदाखला की कान? विचार करून ठेवा. पुढच्या वेळी इथूनच सुरुवात करू.