नव्या मोटारसायकलचें इंजिन कसें रुळवावें

दसरा व गुढीपाडवा या दोन मुहूर्तांवर खेडोपाडीं नव्या मोटारसायकलींची जी खरेदी होते, तिच्यांत शेतकरीवर्गाचा वांटा आतां लहान राहिलेला नाहीं. सकाळ-संध्याकाळ दूध केंद्रावर पोंचविणें, बाजारच्या दिवशीं भाजी नेणें, खत-औषधांच्या फेऱ्या करणें, मळ्यांतून घरीं येतांना गवताचा भारा मागें बांधून आणणें, हीं सर्व कामें आज याच वाहनावर होतात. म्हणजे ही गाडी हौसेची वस्तु नसून शेताच्या अवजारांपैकींच एक आहे. परंतु अनुभव असा कीं, गाडी दारांत आली, हार घातला, नारळ फुटला, कीं दुसऱ्याच दिवशीं पहाटे तिच्या दोन्ही बाजूंस चाळीस-चाळीस लिटरांचे दुधाचे कॅन लटकलेले दिसतात. उलट कांहीं घरीं ती महिनाभर अंगणांतच उभी राहते, व रोज सकाळीं अर्धा तास नुसती चालू करून ठेवण्यांत येते. या दोन्ही रीतींनीं इंजिनाचें नुकसान होतें. आणि तें कां होतें हें समजल्यावांचून, चारचौघांनीं दिलेल्या चार प्रकारच्या सल्ल्यांपैकीं कोणता घ्यावा, हें ठरवितां येणार नाहीं.

इंजिनाच्या पोटांत सिलिंडर म्हणजे एक गोल नळकांडें असतें, व त्यांत पिस्टन वरखालीं धांवतो. उदाहरणासाठीं १९८५ सालीं निघालेल्या व पुढें खेडोपाडीं पोंचलेल्या हिरो होंडा सी.डी. १०० या गाडीचें ९७.२ सी.सी.चें इंजिन घेऊं. त्याच्या नळकांड्याचा व्यास ५० मिलिमीटर व पिस्टनची धांव ४९.५ मिलिमीटर. मिनिटास साडेचार हजार फेरे धरले, तर पिस्टन एका मिनिटांत नऊ हजार वेळां भिंतीस घासून जातो. ताशीं ५० किलोमीटर वेगानें ५०० किलोमीटर जाण्यास दहा तास लागतात. तेवढ्यांत सत्तावीस लाख फेरे झाले.

एवढें घासूनहि इंजिन टिकतें याचें कारण असें कीं, पिस्टन नळकांड्यांत घट्ट बसविलेला नसतो. दोहोंमध्यें मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांनीं मोजण्याजोगी फट असते, आणि ती बुजविण्याचें काम पिस्टनच्या खांचांत बसविलेल्या रिंगा करतात. वरच्या दोन रिंगा स्फोटाचा वायु खालीं जाऊं देत नाहींत. खालची रिंग भिंतीवरील जादा तेल खरडून परत पाठविते. नळकांड्याची भिंत कारखान्यांत आरशासारखी गुळगुळीत करीत नाहींत, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. तिच्यावर मुद्दाम बारीक तिरकस रेघा पाडतात. त्या चटईच्या विणीसारख्या एकमेकींस छेदतात. या रेघांत तेल धरून राहतें, आणि रेघांमधील उंचवट्यांचे शेंडे रिंगांखालीं झिजतात. शेंडे झिजून सपाट झाले व रिंगेची कडा नळकांड्याच्या गोलाईशीं जुळली, म्हणजे इंजिन रुळलें. अलीकडे कारखान्यांत हे शेंडे आधींच बरेचसे काढून टाकतात, म्हणून पूर्वीइतका काळ लागत नाहीं. पण रिंग व भिंत यांची अखेरची जुळणी मालकाच्याच हातून व्हावयाची असते.

आतां ही रिंग भिंतीवर दाबते कोण? तिच्या स्वतःच्या अंगचा ताण थोडा असतो. तिला खरा रेटा देतो तो जळत्या पेट्रोलचा वायु. तो खांचेंत शिरून रिंगेच्या पाठीमागें जातो व तिला बाहेर ढकलतो. सबब गाडीस थोडा जोर करावा लागला कीं रिंग चांगली घासते. गाडी उभ्यानें फटफटत राहिली कीं ती भिंतीवर नुसती तरंगते. शेंडे मग झिजत नाहींत. उलट रेघांतील तेल उष्णतेनें करपून त्याचा चकचकीत थर भिंतीवर चढतो. कारागीर यास 'ग्लेझ' म्हणतात. तो एकदां बसला म्हणजे पुढें गाडी कशीहि चालविली तरी रिंगा सहसा जुळत नाहींत. तेल वर चढून जळतें, मागून निळसर धूर येतो, आणि नव्या गाडींतहि वारंवार तेल ओतावें लागतें. इंजिन उघडून भिंतीवर पुनः रेघा पाडणें व नव्या रिंगा घालणें, एवढाच खात्रीचा उपाय मग उरतो. हा सारा खर्च गाडीस फार जपल्यामुळें अंगावर येतो, हें विशेष.

दुसरी बाजू उष्णतेची. नव्या पृष्ठभागांचें घर्षण रुळलेल्या इंजिनापेक्षां जास्त, आणि जेथें घर्षण तेथें ताप. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो व नळकांड्याचें अस्तर पुष्कळ गाड्यांत बिडाचें. सारख्याच तापानें ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारें दुप्पट फुगतें. त्यांतून पिस्टन स्फोटाच्या अगदीं तोंडाशीं असल्यानें तापतोहि अधिक. फट कमी होते, तेलाचा पातळ पडदा फाटतो, पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे उठतात, आणि फारच झालें तर पिस्टन जाम होतो. आपल्या साध्या गाड्या वाऱ्यानें थंड होणाऱ्या आहेत. वेग असला तर वारा लागतो. परंतु चढावर किंवा चिखलाच्या गाडवाटेनें, मागें ओझें बांधून, पहिल्या-दुसऱ्या गिअरांत गाडी रेटली, म्हणजे जोर पूर्ण आणि वारा नाहीं अशी स्थिति होते. दूधवाल्याच्या गाडीवर नेमकी हीच वेळ रोज येते.

त्याच्या ओझ्याचा हिशेब करून पाहूं. चाळीस लिटर दुधाचें वजन सुमारें ४१ किलो. दोन कॅनांचें ८२, व रिकाम्या कॅनांचें वजन धरल्यास आंकडा नव्वदीच्या पुढें जातो. चालविणारा ६५ किलोंचा धरला तर एकंदर दीडशेंहून अधिक झाले. १०० सी.सी.च्या पुष्कळ गाड्यांवर चालकासकट १३० किलोंच्या आसपासच भार मान्य केलेला असतो. म्हणजे हें ओझें रुळलेल्या गाडीसहि जास्तच आहे. दूध तर थांबत नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. तथापि रोजची फेरी वीस किलोमीटरांची धरली, तर ५०० किलोमीटर पुरे होण्यास पंचवीसच दिवस लागतात. तेवढे दिवस जुनी गाडी ठेवतां आली तर उत्तम. नाहीं तर शेजाऱ्याशीं पाळी लावावी, किंवा दोन फेऱ्या कराव्या. मोठे कॅन अर्धेच भरून नेऊं नयेत, दूध हिंदकळून लोण्याचे कण धरतें व वळणावर गाडीहि झोंके खाते. त्यापेक्षां वीस लिटरांचे दोन कॅन भरून दोन्ही बाजूंस लावावे.

नव्या खोंडास एकदम नांगराला जुंपीत नाहींत, आधीं हलक्या कामावर त्यास चाल शिकवितात, हा दृष्टांत जाणते लोक मोटारसायकललाहि लावतात. तो अर्धाच बरोबर आहे. खोंड गोठ्यांत बांधून ठेवला तरी अंगानें भरत जातो. इंजिन अंगणांत फटफटत ठेवून मात्र कधींच रुळत नाहीं.

वडीलधाऱ्यांचा सल्ला फार सावध असतो, त्यासहि कारण आहे. त्यांनीं चालविलेल्या गाड्या निराळ्या होत्या. १९६१ पासून म्हैसुरास तयार होऊं लागलेली जावा काय, किंवा एस्कॉर्ट्सची राजदूत काय, या दोन-स्ट्रोकच्या गाड्या. त्यांत वंगणाचें तेल पेट्रोलांतच मिसळून घालीत. उतारावर मूठ पूर्ण सोडली कीं पेट्रोलाबरोबर तेलहि तुटे, फेरे मात्र चालूच राहत, आणि नवी गाडी जाम होण्याचा संभव असे. म्हणून उतारावर मूठ किंचित् देत राहावी, व पहिल्या काळांत पेट्रोलांत तेल जास्त घालावें, हे नियम त्या गाड्यांस योग्यच होते. आजच्या चार-स्ट्रोक गाडींत तेल निराळें असून तें खालून पंपानें सर्वत्र फिरतें. त्यामुळें उतारावर गिअरमध्यें मूठ सोडल्यानें कांहीं बिघडत नाहीं. पेट्रोलांत तेल मिसळणें तर आतां घातकच आहे. प्लग काळा पडतो, आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या गाड्यांत धुराड्यामध्यें जें शुद्धीकरणाचें साधन असतें, तेंहि खराब होतें.

तरुण मंडळींचें म्हणणें याच्या उलट: पहिल्याच दिवशीं मूठ पूर्ण पिळून पळवावी, म्हणजे रिंगा लवकर बसतात. वायूच्या रेट्याविषयीं वर जें सांगितलें, त्यावरूनच हें मत निघालें आहे, व त्यांत तथ्यांश आहे. परंतु ज्याला शर्यतीसाठीं इंजिन वारंवार उघडून तपासावयाचें असतें, त्याची रीत दहा वर्षें गाडी वापरणाऱ्यानें उचलूं नये.

आमचें मत असें कीं, वेगाची मर्यादा कंपनीच्या पुस्तिकेची पाळावी, आणि त्या मर्यादेच्या आंत इंजिनास थोडा थोडा वेळ काम द्यावें. होंडाच्या पुस्तिकांत पहिल्या ५०० किलोमीटरांत मूठ पूर्ण पिळून निघणें, एकदम वेग वाढविणें व झटक्यानें गिअर उतरविणें वर्ज्य सांगितलें आहे. कांहीं कंपन्या ही मुदत १,००० किलोमीटरांपर्यंत नेतात. सकाळीं गाडी सुरू केल्यावर अर्धा मिनिट थांबून हळू निघावें; अंगणांतच तापवीत बसूं नये. मोकळ्या रस्त्यावर मधूनमधून मूठ निम्म्यापर्यंत देऊन वेग वाढवावा, मग सोडून गाडी गिअरमध्येंच मंद होऊं द्यावी. जोर व विसांवा यांची ही अदलाबदल हाच सगळ्या विधीचा गाभा होय. महामार्गावर तासभर एकाच वेगानें जाणें टाळावें. लांबचा प्रवास अटळ असेल तर वीस-पंचवीस किलोमीटरांवर चहापुरतें थांबावें.

एक खोड मात्र शेतकऱ्यांत फार आढळते. पेट्रोल वांचेल म्हणून चढावरहि वरचा गिअर सोडीत नाहींत. गाडी गचके देते, घरघरते, तरी मूठ पिळीत राहतात. नव्या इंजिनास वेगापेक्षांहि हें जास्त बाधतें. फेरे कमी म्हणून तेलाचा पुरवठा व वारा कमी, आणि दाब मात्र भरपूर. खालचा गिअर घालावा. इंजिनाचा आवाज थोडा वाढला तरी भिऊं नये. पहिल्या महिन्यांत गाडी पेट्रोल जरा जास्त खाते, तें रुळल्यावर आपोआप कमी होतें. तेवढ्यासाठीं कार्यशाळेंत जाऊन पेट्रोल कमी करून मागूं नये.

तेलाविषयीं थोडें सविस्तर सांगणें अवश्य आहे. रिंगा, गिअर, क्लच हे सर्व नवे असतांना जी धातूची भुकटी निघते, ती पहिल्या तेलांत उतरते. हें तेल पांढऱ्या फडक्यावर घेऊन उन्हांत धरलें तर चमकणारे कण दिसतात. पहिल्या सेवेची मुदत बहुधा ५०० ते ७५० किलोमीटरांची असते ती यासाठींच. "तेल अजून सोनेरी आहे, कशाला टाकावयाचें?" असें म्हणून ती चुकविणारे कमी नाहींत. १०० सी.सी.च्या गाडीस सुमारें एक लिटरच, किंवा त्याहूनहि कमी, तेल लागतें. त्यापुढें रिंगा-पिस्टनचा खर्च कितीतरी पट आहे. तेल बदलतांना जाळी व गाळणी साफ झाली कीं नाहीं हें उभें राहून पाहावें. तेल पुस्तिकेंत लिहिलेल्याच जाडीचें घ्यावें, आणि डब्यावर 'जासो एम.ए.' ही खूण पाहावी. मोटारसायकलचा क्लच इंजिनाच्याच तेलांत बुडालेला असतो. चारचाकीचें जादा गुळगुळीत तेल घातल्यास तो सटकूं लागतो.

नव्या टायरांवर सांच्यांतला तुळतुळीतपणा असतो. पहिले शंभर-दीडशें किलोमीटर ओल्या रस्त्यावर जपून वळावें. ब्रेकहि तोंवर पूर्ण धरीत नाहीं. साखळी सैल पडते, ती पहिल्या सेवेंत ताणून घ्यावी.

हाच नियम जुनी गाडी बोअर करून नवा पिस्टन घातल्यावर पुनः पाळावा लागतो, कारण भिंत व रिंगा दोन्ही पुनः नव्या झालेल्या असतात. पुष्कळ ट्रॅक्टरांची पहिली सेवा ५० तासांनीं ठेवलेली असते, तीहि याच कारणासाठीं. डिझेल इंजिनास तर हलक्या कामाचें भय अधिक. विहिरीवरील नवें इंजिन पाणी न उचलतां रात्रभर रिकामें फिरविण्याची कांहीं ठिकाणीं चाल आहे, तिनें नळकांड्यावर ग्लेझ चढतो, आणि जोडलेला पंप कोरडाच फिरत राहिला तर त्याचें सीलहि जळतें. पाणी भरून, पंप जोडूनच तें चालवावें, व पहिल्या दिवशीं तासा-दीड तासानें थांबवून नटबोल्ट व तेलाची पातळी पाहावी.