तपासणीच्या खोलीत नेमकं काय होतं?

बालवाडीच्या बाईंनी बाजूला घेऊन ‘एकदा मुलाला दाखवून घ्या’ असं म्हटलं, की त्या रात्री आईला झोप लागत नाही. आमच्याकडे जे फोन येतात, त्यांत प्रश्न हेच असतात. दाखवायचं म्हणजे कुणाला? तिथे काय करतात? डोक्याचा फोटो काढतात का? आणि एकदा कागदावर आलं की ते जन्मभर चिकटतं का? घरातल्या मोठ्यांचं उत्तर मात्र तयार असतं. ‘याचा काकाही चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता. आता बघा, गप्प बसत नाही!’ काका बोलला हे खरंच आहे. पण काकासारखीच उशीर झालेली आणि पुढेही न बोललेली मुलं असतात, त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. म्हणून आज आम्ही तपासणीच्या खोलीत काय चालतं ते सांगणार आहोत. ते कळलं की भीती थोडी कमी होते, आणि कुणी फसवायला आलं तर तेही ओळखता येतं.

मेंदूची वाढ काही मुलांमध्ये सुरुवातीपासूनच वेगळ्या वाटेने होते. स्वमग्नता, म्हणजे ज्याला ऑटिझम म्हणतात ती, लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी, वाचन-लेखन-गणिताची अध्ययन अक्षमता, बौद्धिक अक्षमता. ही सगळी याच घरातली भावंडं. एकाच मुलात दोन असणंही नवलाचं नाही. यांतल्या ऑटिझमचं किंवा एडीएचडीचं निदान रक्ताच्या चाचणीत सापडत नाही आणि एमआरआयमध्येही दिसत नाही. डॉक्टर कधी ईईजी किंवा एमआरआय सांगतात, ते फिट्स किंवा आणखी काही कारण नाही ना, हे पाहायला.

कधी जायचं? वर्षाचं मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचं होऊनही ‘ते बघ’ म्हणून बोट दाखवत नसेल, दोन वर्षांचं होऊन ‘आई ये’, ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडत नसेल तर थांबू नका. आणि आलेले शब्द गेले, असं कोणत्याही वयात झालं तर लगेच जा. जावळ काढल्यावर बोलेल, शाळेत घातल्यावर बोलेल, असं म्हणत गेलेली दोन वर्षं परत मिळत नाहीत. लहान मेंदू सर्वांत भराभर शिकतो ती हीच वर्षं.

बोलणं उशिरा असेल तर सगळ्यात आधी कान तपासायचे. ‘ताट वाजवलं की बघतो की’ एवढ्यावर विसंबू नका. काही आवाज ऐकू येतात आणि बोलण्यातले बारीक आवाज येत नाहीत, असं होतं. मूल झोपलेलं असताना कानापासून मेंदूपर्यंत आवाज पोचतो का हे पाहणारी बेरा नावाची चाचणी असते, ती करून घ्या. खर्चाची काळजी असेल तर सरकारी वाट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा यायला हवं, आणि पुढच्या तपासणीसाठी मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायला हवं. पथक येऊन गेलं का, हे अंगणवाडीताईंना विचारायचा आपल्याला हक्क आहे.

खाजगीत जाणार असाल तर समोरची व्यक्ती चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे का आणि भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का, हे विचारा. सोनं घेताना हॉलमार्क पाहतोच ना? मग इथे लाजायचं कशाला?

आता खोलीत येऊ. एका बैठकीत काम होत नाही, साधारण दोन-तीन खेपा होतात. पहिली बैठक बहुतेक तुमचीच. गरोदरपण कसं गेलं, बाळ जन्मल्याबरोबर रडलं का, मान कधी धरली, ओळखून हसायला कधी लागलं, घराण्यात कुणाला असं काही होतं का. हे प्रश्न दोष शोधायला नसतात. या बैठकीला मुलाच्या बाबांनी यायला हवं. पुष्कळ बाबा ‘गाडी लावून येतो’ म्हणतात आणि चहाच्या टपरीवरच अडकतात, असा आमचा अनुभव आहे. आजी मात्र आवर्जून येते आणि तिला तारखा पाठ असतात, तिला जरूर न्या. घरातले मोबाईलवरचे दोन-चार व्हिडिओही न्या. नव्या जागी मूल बुजतं आणि घरी जे रोज करतं ते तिथे करत नाही.

मग मुलाशी खेळतात. साबणाचे फुगे सोडतात. फुगा फुटला की मूल वळून आईकडे पाहतं का? ‘पाहिलंस का?’ असं डोळ्यांनी विचारतं का? फुग्याकडे सगळीच पाहतात, खरी नजर असते ती या वळण्यावर. लाकडी फळीत चौकोन, गोल, चांदणी असे दहा आकार बसवायला देतात, तीनदा, आणि घड्याळ लावून त्यांतली सर्वांत कमी वेळ लागलेली खेप धरतात. बाहेर बसलेली आत्या म्हणते, ‘एवढ्या खेळाचे पैसे?’ पण त्या खेळात बसवणाऱ्याचं लक्ष कुठे जातं, चुकल्यावर तो काय करतो, हात कसा वळतो, हे सगळं टिपलं जात असतं.

तुम्हाला विचारायच्या चाचण्या वेगळ्या. मूल हाताने जेवतं का, गुंडी लावतं का, दुकानातून एखादी वस्तू आणतं का, अशा ८९ गोष्टींची एक यादी आहे. ती मूळची परदेशी, पण डॉ. मालिन यांनी ती आपल्या नागपुरात इथल्या मुलांसाठी बसवली. त्याआधी, १९३० च्या दशकात, धारवाडच्या डॉ. कामत यांनी परदेशी बुद्धिचाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी तयार केली. ती कामत चाचणी अजून वापरात आहे. ऑटिझमसाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने भारतीय मापनश्रेणी केली आहे. तिच्यात ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, आणि बेरीज ७० किंवा अधिक झाली तर ऑटिझम मानतात.

हे सगळं सांगायचं कारण एकच. चाचणी मुलाच्या घरातल्या भाषेत आणि त्याच्या ओळखीच्या वस्तूंनी व्हायला हवी. घरी अहिराणी, गोरमाटी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठीत किंवा इंग्रजीत प्रश्न विचारले आणि तो गप्प बसला, तर त्यातून त्याची बुद्धी कळत नाही. ‘आमच्याकडे याला असं म्हणतात’ हे तुम्ही तिथेच सांगा. शिवाय जुन्या चाचण्यांचे आकडे जुन्या काळातल्या मुलांवरून ठरलेले आहेत. म्हणून बुद्ध्यांक ६८ आला की ७२, यावर रडत बसण्यात अर्थ नाही. ताप असलेल्या किंवा झोप मोडलेल्या दिवशी तो आणखी खाली येतो. अहवालात आकड्यापेक्षा महत्त्वाचं पान असतं ते ‘काय जमतं, काय जमत नाही आणि आता काय करायचं’ याचं. ते पान नसेल तर मागून घ्या, आणि मराठीत समजावून घ्या.

अध्ययन अक्षमतेची तपासणी थोडी उशिरा, साधारण आठव्या वर्षानंतर होते, कारण आधी शिकण्याची संधी मिळावी लागते. ‘तारे जमीन पर’ २००७ मध्ये आला तेव्हापासून उलटं अक्षर काढणारं मूल सगळ्यांना माहीत झालं. पण आपल्या लिपीतल्या अडचणी आपल्याच असतात. घ आणि ध, भ आणि म यांत गोंधळ होतो. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. जोडाक्षर फुटतं. गणितात तर ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी ऐकू येतो आणि लिहिताना सहा आधी लिहायचा! २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशी पद्धत आणली तेव्हा केवढी थट्टा झाली. आम्हाला मात्र या मुलांसाठी तिचा उपयोग दिसतो.

एक गोष्ट खास आयांसाठी. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी ऑटिझमचं वर्णन केलं. त्यानंतर कितीतरी वर्षं परदेशातले मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते, की आई थंड स्वभावाची असली की मूल असं होतं. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने पुस्तक लिहून ते मोडून काढलं. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. तिकडे ती कल्पना मागे पडली. आपल्याकडे ‘नोकरी करतेस ना, म्हणून’, ‘ग्रहणात बाहेर गेलीस’ असं अजून ऐकवलं जातं. लसीवर खापर फोडणारा १९९८ मधला लेखही २०१० मध्ये त्या नियतकालिकाने मागे घेतला. तेव्हा लस चुकवू नका.

आता उपचार. वाचा उपचार म्हणजे नुसते शब्द घोकणं नाही, आणि व्यवसायोपचार म्हणजे धंदा शिकवणंही नाही. अंगावर कपडा टोचणाऱ्या, मिक्सरच्या आवाजाने कान झाकणाऱ्या, पेन्सिल न धरता येणाऱ्या मुलाला रोजची कामं जमावीत म्हणून तो असतो. पण आठवड्यातले दोन तास उपचारकाकडे आणि उरलेले सगळे तास घरी, हे गणित लक्षात ठेवा. गोव्यात आणि रावळपिंडीत ६५ स्वमग्न मुलांबरोबर एक प्रयोग झाला आणि तो २०१६ मध्ये छापून आला. त्यात तज्ज्ञ घरोघर गेले नाहीत. प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी आई-मुलाच्या खेळाचा छोटा व्हिडिओ घ्यायचा आणि आईबरोबर बसून पाहायचा. ‘हे बघा, इथे त्याने तुमच्याकडे पाहिलं आणि तुम्ही थांबलात, म्हणून तो बोलला.’ असा उपचार मिळालेली मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करू लागली. महागडं यंत्र कुठेच नव्हतं. पोळ्या लाटताना तुम्हीही हे करू शकता. गोळा त्याच्या हातात द्या, बोलू नका, थांबा, तो मागेल त्याची वाट पाहा.

एडीएचडीसाठी सहा वर्षांखालच्या मुलांमध्ये आधी पालकांना शिकवतात. मोठ्यांमध्ये औषधाचा खरंच उपयोग होतो. ते मनोविकारतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञच देतात, मानसशास्त्रज्ञ देत नाहीत. मूळ पेशी टोचून ऑटिझम बरा करतो म्हणणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीती मंडळाने २०२२ मध्येच त्या उपचाराची शिफारस करता येत नाही असं सांगितलं आहे. त्यासाठी मंगळसूत्र मोडणाऱ्या बायका आहेत, म्हणून इतकं स्पष्ट बोलतो.

दाखल्याचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि अध्ययन अक्षमता त्यांत आहेत, एकटा एडीएचडी नाही. बहुतेक सवलतींना ४० टक्के लागतात. दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सोयी मिळतात. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी निरामय विमा वर्षाला एक लाखापर्यंत आहे. मूल १८ वर्षांचं झाल्यावर कायद्याने ते प्रौढ ठरतं. बँक, मालमत्ता यांसाठी पालकत्व लागणार असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. हे वेळेत करा.

आणि शेवटी मोठ्यांविषयी. मुलाच्या तपासणीत प्रश्नांना उत्तरं देता देता एखादी आई थांबते आणि म्हणते, ‘अहो, हे तर माझंच वर्णन चाललंय.’ दूध दरवेळी उतू जातं, फॉर्मची तारीख उलटते, किल्ली रोज हरवते. माहेरी वेंधळी आणि सासरी निष्काळजी अशी नावं पडलेली असतात. मुली वर्गात उड्या मारत नाहीत, खिडकीतून बाहेर बघत बसतात, म्हणून त्यांच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. मोठेपणी तपासणी होते. १८ प्रश्नांची एक प्रश्नावली असते, पण तेवढ्यावर निदान होत नाही. बारा वर्षांच्या आधीपासून हे होतं का, ते पाहावं लागतं. म्हणून शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं, ‘हुशार आहे पण लक्ष नाही’ असा शेरा असलेली, शोधून न्या. आई किंवा थोरली बहीण बरोबर असली तर उत्तम. थायरॉईड, रक्ताची कमी, न झोपणं, खिन्नता यांनीही असंच होतं, तेही आधी पाहतात. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

अशीच एक श्रोती अडतिसाव्या वर्षी निदान घेऊन आली. औषध सुरू झालं, समुपदेशन सुरू झालं, आणि तिने गॅसशेजारी तासाचं घड्याळ ठेवलं. ते वाजलं की आता तिच्या सासूबाई बाहेरूनच ओरडतात, ‘अगं, दूध!’ पूर्वी त्या दूध सांडल्यावर ओरडायच्या.