टाकी भरली, हे कोणी ठरवायचे?

सेप्टिक टँकइतकी निमूट वस्तू घरात दुसरी नसेल. नळ गळला की ठिबक ऐकू येते, पंखा बिघडला की कुरकुरतो. टाकी मात्र गाळाने भरून निकामी झाली तरी घरात कुणाला पत्ता लागत नाही. संडासात टाकलेले पाणी जाते ना, मग सगळे ठीक, अशी आपली समजूत.

आत काय चालते ते पाहू. मैला टाकीत पडला की जड भाग तळाशी बसतो, तेलकट हलका भाग वर साय धरतो आणि मधले पाणी काही काळ थांबून पलीकडच्या नळीने बाहेर पडते. ते शोषखड्ड्यात जाऊन जमिनीत मुरावे, ही अपेक्षा. तळाचा गाळ हवेशिवाय जगणारे जिवाणू थोडा थोडा संपवतात, पण पूर्ण कधीच संपवत नाहीत. उरलेला वर्षानुवर्षे साठत जातो. गाळ जसा वाढतो तशी पाण्याला थांबायची जागा कमी होते आणि पाणी थांबले नाही की घाण तळाशी बसत नाही, पाण्याबरोबरच निघून जाते. आपल्या छोट्या शहरांत शोषखड्डा बहुधा नसतोच. टाकीची नळी थेट उघड्या गटारात सोडलेली असते, गटार ओढ्याला आणि ओढा नदीला. भुयारी गटार नसलेल्या शहरांतला मैला अशा वाटेने नदीपर्यंत पोहोचतो.

टाकी दोन ते तीन वर्षांनी उपसावी, असे केंद्र सरकारच्या मार्गदर्शिका सांगतात. प्रत्यक्षात आठ-आठ, दहा-दहा वर्षे तिचे झाकण उघडले जात नाही. संडास तुंबला, अंगणात पाणी वर आले, की मग धावाधाव. नगरपरिषदेच्या किंवा खासगी गाडीला फोन जातो, एकदम मोठी रक्कम मोजावी लागते आणि गाडीवाला तो गाळ कुठे नेऊन ओततो हे कुणी विचारत नाही. गावाबाहेरचा नाला, एखादे शेत, कचरा डेपोचा कोपरा. गाडीवाल्याला दोष देणे सोपे आहे. पण ओतायला जागाच दिलेली नसेल तर त्याने न्यायचे कुठे? शिवाय त्याचे पैसे टाकी रिकामी झाली की मिळतात, गाळ नीट पोहोचला म्हणून नव्हे. लांब जाण्यात त्याचे डिझेल जळते. नियम त्याला जवळच ओतायला सांगत नाहीत, हिशेब मात्र तेच सांगतो.

फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्र सरकारने मैलागाळ आणि सेप्टेज (सेप्टिक टँकमधून उपसलेला गाळ) व्यवस्थापनाचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्याच वर्षी महाराष्ट्राची शहरे हागणदारीमुक्त जाहीर झाली. पुढच्या पायरीची, म्हणजे ओडीएफ प्लस प्लसची, अट अशी की मैल्यावर सुरक्षित प्रक्रिया झाली पाहिजे. शौचालय बांधून प्रश्न सुटत नाही, हे सरकारी कागदावर उशिरा का होईना उमटले.

धोरणाचा कागद गल्लीत कसा उतरतो, ते वाई आणि सिन्नरमध्ये दिसते. वाई सातारा जिल्ह्यातले, कृष्णाकाठचे, 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 36 हजार वस्तीचे. सिन्नर नाशिक जिल्ह्यातले, सुमारे 65 हजारांचे. या दोन नगरपरिषदांनी अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या मदतीने 2018 च्या सुमारास एक साधी उलटापालट केली. टाकी कधी उपसायची हे घरमालकाने ठरवायचे नाही, नगरपरिषदेने ठरवायचे. शहराचे भाग पाडले, घरोघर टाक्यांची नोंद घेतली आणि तीन वर्षांत प्रत्येक टाकी एकदा रिकामी होईल असे वेळापत्रक आखले. गाडी आपल्या गल्लीत आपल्या पाळीला येते, फोन करावा लागत नाही.

या एका बदलातून किती गोष्टी सुटतात, ते आकड्यांनी पाहू. समजा गावात 6,000 टाक्या आहेत. तीन वर्षांचे चक्र धरले तर वर्षाला 2,000. कामाचे 300 दिवस धरले तर दिवसाला सुमारे सात. एका टाकीतून 4,000 लिटर निघतात असे मानू, म्हणजे रोज 28,000 लिटर. आता गाड्या किती लागतील, माणसे किती, प्रक्रिया केंद्र केवढे बांधायचे, सगळ्यांची उत्तरे मिळाली. मागणीवर चालणाऱ्या व्यवस्थेत हेच कुणाला सांगता येत नाही. आज दोन फोन, पावसाळ्यात वीस. प्रक्रिया केंद्र बांधून ठेवावे आणि त्याने गाळाची वाट पाहत बसावे, अशी वेळ येते. राज्यात तीनशेहून अधिक शहरांत अशी केंद्रे उभारायचे सरकारने ठरवले, तेव्हा खरा प्रश्न बांधकामाचा नव्हताच. गाळ तिथपर्यंत रोज नेणार कोण, हा होता.

प्रक्रिया केंद्राची पद्धत गावाप्रमाणे बदलते. वाईत यंत्राने पाणी काढून उष्णतेने गाळ सुकवणारा प्रकल्प आला. सिन्नरने वाळवणीच्या वाफ्यांची वाट धरली, त्यात गाळ पसरायचा आणि बाकीचे उन्हावर सोडायचे. पहिल्याला जागा कमी लागते पण वीज आणि कुशल माणूस हवा, दुसऱ्याला जागा लागते. माझ्या मते मोकळी जमीन असलेल्या गावाने यंत्राच्या मोहात पडू नये. बिघडलेले यंत्र दुरुस्त करायला पुण्या-मुंबईहून माणूस येईपर्यंत गाड्या पुन्हा नाल्याकडे वळतात.

पैसा कसा फिरतो, हे या व्यवस्थेतले सर्वांत पाहण्यासारखे. उपसण्याचे काम निविदेने खासगी ठेकेदाराला दिले. गाड्या त्याच्या, माणसे त्याची. त्याला मोबदला मिळतो तो उपसलेल्या टाक्यांच्या संख्येवर, पण गाळ प्रक्रिया केंद्रावर उतरवल्याची नोंद असेल तरच. घरमालकाने टाकी रिकामी झाल्याचे सांगायचे, केंद्रावरच्या माणसाने गाडी पोहोचल्याचे. दोन्ही जुळले तर बिल निघते. म्हणजे वाटेत नाल्यात ओतलेली खेप ठेकेदाराच्या खिशातून जाते. त्याच्या मागे फिरणारा निरीक्षक जे करू शकला नसता, ते करारातले एक कलम करते.

ठेकेदारालाही धास्ती असतेच. नगरपरिषदेकडून बिले किती महिने अडकतात, हे कुठल्याही ठेकेदाराला विचारा. त्यामुळे या कामाचे पैसे वेगळ्या एस्क्रो खात्यात, म्हणजे दुसऱ्या कामाला वळवता येणार नाहीत अशा खात्यात, ठेवायची सोय केली. वेळेवर पैसे मिळतील याची खात्री नसेल, तर गाड्या विकत घेऊन निविदा भरायला चांगला माणूस येत नाही आणि आलाच तर ती जोखीम दरात लावतो.

खात्यात पैसे येतात ते मालमत्ता कर आणि स्वच्छता करातून. वरच्या उदाहरणात एका टाकीचा खर्च 1,500 रुपये धरला, तर घराला वर्षाकाठी 500 रुपये पडतात. पण ते सरसकट समान घ्यायचे कारण नाही. घरपट्टीला जोडलेला कर असेल तर दोन खोल्यांच्या घराला कमी आणि बंगल्याला जास्त भार येतो. गाडी दारात आली तेव्हा पैसे मागायचे नाहीत, हेही महत्त्वाचे. पैसे मागितले की ‘पुढच्या वर्षी बघू’ हे उत्तर ठरलेले.

अडचणी राहतातच. टाकीवर फरशी घातलेली असते, मोरी बांधलेली असते, एखाद्याने तर तिच्यावर खोली उठवलेली असते. झाकण उघडायचे म्हणजे फोडाफोड, म्हणून लोक नको म्हणतात. जुन्या गावभागात मोठी गाडी शिरत नाही, तिथे छोटी गाडी आणि लांब पाइप लागतो. टाकीला झाकण आणि शोषखड्डा आहे की नाही, हे बांधकाम परवानगी देतानाच पाहिले असते तर यातले निम्मे त्रास वाचले असते.

याहून गंभीर गोष्ट माणसाच्या जिवाची. 2013 च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला टाकीत वा गटारात उतरवणे गुन्हा ठरवले. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख रुपये केली. तरी टाकीतल्या विषारी वायूने गुदमरून माणसे मरतच आहेत. दहा वर्षे न उघडलेल्या टाकीचा तळ दगडासारखा घट्ट होतो, सक्शन पाइप तो ओढू शकत नाही आणि मग कुणाला तरी आत उतरवले जाते. तीन वर्षांचा गाळ पातळ असतो. वेळापत्रक जीव वाचवते ते असे.

हे चक्र टिकवायला कायद्याचा आधार लागतो, हे मलेशियाने उलट्या बाजूने दाखवले. तिथे 1994 पासून देशाच्या बऱ्याच भागातली सांडपाणी सेवा इंडाह वॉटर कन्सोर्टियम या संस्थेकडे होती आणि ती ठरावीक काळाने टाक्या उपसत असे. 2008 मध्ये नवा जलसेवा कायदा लागू झाला आणि टाकी उपसून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आली. गाड्या होत्या, केंद्रे होती, माणसे होती. उपसून घेणाऱ्यांची संख्या मात्र कोसळली.

आपल्याकडची कच्ची बाजू देखरेखीची आहे. 2005 च्या कायद्याने आलेले महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठोक पाण्याचे दर ठरवते. नगरपरिषदेची नळसेवा किंवा मैलागाडी कशी चालली आहे, हे तपासणारे स्वतंत्र प्राधिकरण राज्यात नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रक्रियेनंतरचे पाणी पाहते, गल्लीतली गाडी वेळेवर आली का ते पाहत नाही. करार करणारी, काम करून घेणारी आणि तपासणारी नगरपरिषद एकच. मुख्याधिकारी बदलला, नवे नगरसेवक आले, की जुना करार कितपत जपला जाईल हे त्यांच्या मर्जीवर. मला विचाराल तर नव्या प्रक्रिया केंद्रांपेक्षा या देखरेखीची गरज आधी आहे.

तोवर नागरिकाच्या हातात एवढे आहे. पुढच्या वेळी घरपट्टी भरायला जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा: आपल्या वॉर्डातल्या टाक्यांची नोंद आहे का, आमच्या गल्लीची पाळी कोणत्या महिन्यात आहे, आणि उपसलेला गाळ कुठे जातो. उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात लेखी विचारा.